धवलारणीसाठी चिनी सूप

चिनी लोकांचं गोड सूप करायला अतिशय सोपं असतं. इतकं सोपं, की ते बिघडवायला मला पूर्ण चार तास मेहनत घ्यावी लागली.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. राहायला विरारला, चंदनसारमध्ये. मूळचा नंदाखालचा, केळीच्या वाडीत वाढलेला. बायको मात्र अर्नाळ्याची, कोळ्यांच्या घरातली. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, तरी सासुरवाडीला मी अजून ‘मास्तर’च आहे. मास्तर म्हणजे ज्याला पुस्तकातलं सगळं कळतं आणि ज्याच्या हातात कोयता द्यायचा नाही, असा माणूस. (एकदा दिला होता. सुरमई वाचली, पाट दुभंगला.)

आमच्या प्राजक्ताचं लग्न तिच्या आजोळी, अर्नाळ्याला करायचं ठरलं. शनिवारी हळद, रविवारी लग्न. आम्ही आठवडाभर आधीच सासूबाईंच्या घरी मुक्काम ठोकला. मी माझ्या स्वभावाप्रमाणे कामांचा तक्ता करून भिंतीवर चिकटवला होता. मंडप, भटजी, बँड, बर्फ, वाढपी. प्रत्येक कामापुढे चौकोन, चौकोनात बरोबरची खूण. गुरुवारी सकाळी सगळे चौकोन भरले होते आणि मी चहाचा कप घेऊन त्या तक्त्याकडे कौतुकाने बघत उभा होतो. तेवढ्यात माझी बायको हेमा धापा टाकत आत आली.

“अहो, मावशीचा आवाज गेला!”

मावशी म्हणजे सासूबाईंची थोरली बहीण. वय सत्तरीच्या पुढे, कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि अर्नाळ्यातली सगळ्यात मानाची धवलारीण. कोळ्यांच्या लग्नात धवले गाणारी ही बाई म्हणजे काय चीज असते, हे मी वाडीतला माणूस सत्तावीस वर्षांपूर्वी स्वतःच्या लग्नात शिकलो. ती गायला लागली की हळद लागते, तिने गायलं की नवरी उठते, तिने गायलं की नवरी बसते. भटजी असतात, पण तेसुद्धा मावशीकडे एकदा बघून मगच पान उलटतात.

“आवाज गेला म्हणजे किती गेला?” मी विचारलं.

“पूर्ण गेला! कालपासून तोंडातून शब्द नाही. नुसते हातवारे करते.”

हे ऐकून आमची प्राजक्ता खोलीतून बाहेर आली. ही पोर अंधेरीला एका मोठ्या ऑफिसात काम करते, लॅपटॉपवर तीन देशांतल्या लोकांशी एकाच वेळी भांडते. पण तिचे डोळे भरून आले.

“पप्पा, मला मावशीआजीच पाहिजे. मी पाचवीत असताना तिने मला शब्द दिलाय, तुझी हळद मीच गाऊन लावणार म्हणून. स्पीकरवर गाणी लावून मी हळद लावून घेणार नाही! सांगून ठेवते.”

“अगं, दुसरी कोणी धवलारीण…”

“नाही म्हणजे नाही!”

माझ्या तक्त्यात ‘मावशीचा आवाज’ असा चौकोनच नव्हता. मी पेन काढून तो आखला आणि रिकामा ठेवला. शनिवार संध्याकाळपर्यंत त्यात खूण करायची, असा मनाशी निश्चय केला.

प्रथम रोग्याची तपासणी. मी टॉर्च घेऊन मावशीच्या घरी गेलो. दोन गल्ल्या सोडून घर. मावशी ओटीवर खाटेवर बसली होती. मला बघून तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. (दुखणाईत माणसं चिडचिडी होतात, मी मनावर घेतलं नाही.)

“मावशी, आ करा.”

मावशीने माझ्याकडे असं बघितलं, की दुसरा कोणी असता तर टॉर्च टाकून पळाला असता. मी शिक्षक आहे. रोज साठ मुलं माझ्याकडे तसंच बघतात. शेवटी तिने आ केला.

“हं. उजव्या बाजूला सूज आहे,” मी निदान केलं. “लालसर, चांगली बोराएवढी गाठ.”

“डॉक्टरांना दाखवू या का?” हेमा म्हणाली.

मावशीने जोरजोरात मान हलवून नाही म्हटलं. डॉक्टर नको, वाफारा नको, हळदीचं दूध नको. ज्येष्ठमधाची काडी दिली ती तिने कोंबडीला टाकली. आम्ही हात हलवत परत आलो.

आता इथे आमच्या दिनूचा प्रवेश होतो. दिनू म्हणजे हेमाचा धाकटा भाऊ, वय पंचेचाळीस. मालवाहू जहाजावर स्वयंपाकघरात काम करतो आणि खास भाचीच्या लग्नासाठी रजा घेऊन आला होता.

“भावोजी, एकदम जालीम उपाय आहे,” दिनू म्हणाला. “मागच्या खेपेला माझा घसा असाच बसला होता. आमचा मोठा कुक चिनी आहे. म्हातारा आहे, पण हाताला काय गुण! त्याने मला त्यांच्याकडचं गोड सूप करून घातलं. घशाला, छातीला, सगळ्याला पौष्टिक. तिसऱ्या दिवशी मी डेकवर गाणी म्हणत होतो!”

“त्याचं सामान इथे मिळेल?”

“मिळेल कशाला? आहे! उतरताना त्याने मला सगळं बांधून दिलंय. आईच्या माळ्यावर ठेवलंय.”

“कृती?”

“सोपी आहे हो. लाल खजूर, कमळाच्या बिया, खडीसाखर आणि मेन म्हणजे ती पांढरी वस्तू. तिचं नाव मला सांगता यायचं नाही, चिनीत आहे. कडक असते, वाळलेली. भिजवली की फुगते, शिजली की चिकट होते. तो चिकटपणाच घशाला लागतो. खजूर आणि बिया माझ्या लाल पिशवीत आहेत. पांढरी वस्तू डब्यात ठेवलीय, तिला दमट हवा चालत नाही. मंद आचेवर तीन तास. मी केलं असतं, पण मला बँडवाल्याकडे विरारला जायचंय.”

“तू जा,” मी म्हणालो. “हे माझ्यावर सोपव.”

“नक्की?”

“दिनू, भिजणं, फुगणं, विरघळणं, हे मी वीस वर्षं शिकवतोय.”

सासूबाईही मानपानाच्या साड्या आणायला त्याच्याबरोबर विरारला गेल्या. स्वयंपाकघर माझ्या ताब्यात आलं. सासुरवाडीचं स्वयंपाकघर ताब्यात येण्याची ही माझी पहिलीच वेळ. छाती दोन इंच फुगली.

माळ्यावर चढलो. लाल पिशवी सापडली. आत खजूर, बिया, खडीसाखर. आता पांढरी वस्तू. डब्यांची ही रांग! पहिल्या डब्यात सुके बोंबील. दुसऱ्यात जवळा. तिसऱ्यात करंदी. चौथा निळा डबा, झाकण घट्ट, आत मलमलच्या फडक्यात काहीतरी जपून गुंडाळलेलं. उघडून बघितलं. पांढरट, पिवळसर झाक असलेली, तळहाताहून मोठी, वाळून प्लॅस्टिकसारखी झालेली एक वस्तू. बोटाने टिचकी मारली. टक् आवाज आला.

कडक? होय. वाळलेली? होय. दमट हवेपासून जपलेली? होय! विज्ञानात तीन लक्षणं जुळली की आम्ही पुढे जातो.

गरम पाण्यात भिजवली. दोन तासांत ती अशी फुगली, की भांड्यातून एक कोपरा बाहेर डोकावायला लागला.

“फुगली!” मी हेमाला हाक मारली. “बघ, दिनू म्हणाला तसंच!”

हेमा आली. वाकली. नाक आक्रसलं.

“अहो, वास येतोय.”

“कसला?”

“माशाचा.”

“हेमा, हे अर्नाळा आहे. इथे उशीला माशाचा वास येतो.”

“तसा नाही. याच्यातून येतोय.”

“चीनला समुद्रकिनारा आहे,” मी शांतपणे सांगितलं. “हजारो मैलांचा. भूगोलाचं पुस्तक बघ.”

हेमाने वाकून पुन्हा एकदा वास घेतला. ती कोळ्याची मुलगी, नाकावर तिचा माझ्या पुस्तकापेक्षा जास्त विश्वास. पण घरात लग्न होतं, तिला साठ ओट्या भरायच्या होत्या. ती गेली. तिथेच चूक झाली. (तिची. मी माझ्या कामात होतो.)

वस्तू कात्रीने कापली. तुकडे कुकरमध्ये टाकले. दिनू मंद आच म्हणाला होता, पण मंद आच ही जुनी पद्धत. दाब वाढला की उकळणबिंदू वाढतो, वेळ वाचतो. वर खजूर, बिया, मूठभर खडीसाखर. मग आणखी एक मूठ, कारण लग्नघर. चवीला वेलची. शिवाय अर्धा लिटर दूध, कारण पौष्टिक म्हटलं की दूध आलंच.

पहिली शिटी झाली आणि दारात एक मांजर येऊन बसलं.

दुसऱ्या शिटीला तीन झाली.

“अहो, खिरीला मांजरं येतात का कधी?” हेमाने बाहेरूनच विचारलं.

“दूध आहे त्यात!”

तिसरी शिटी अर्धवट झाली. म्हणजे सुरू झाली, घशात काहीतरी अडकल्यासारखी घरघरली आणि बंद पडली. चौथी आलीच नाही. कुकर नुसता थरथरत होता.

“अहो, शिटी का होत नाहीये?”

“आत शांतपणे शिजतंय.”

हेमा धावत आली, तिने गॅस बंद केला, मला दंडाला धरून मोरीपर्यंत ओढत नेलं. पंधरा मिनिटं आम्ही दोघं आणि सात मांजरं त्या कुकरकडे लांबून बघत होतो. झाकण उघडलं तेव्हा कळलं, शिटीच्या भोकात डिंक बसला होता. डिंक म्हणजे अक्षरशः डिंक! आत जे तयार झालं होतं त्यात डाव उभा राहत होता. मी डाव सोडला. तो पडला नाही. किंचित विचार करून तिरका झाला.

“चिकटपणा!” मी म्हणालो. “हाच घशाला लागतो.”

“हा घशाला लागला तर घसा परत उघडायचा नाही,” हेमा म्हणाली.

मी चव घेतली नाही. औषधाची चव घेत नसतात, हे माझं तत्त्व आहे. (चमचा तोंडाजवळ नेला होता. मग तत्त्व आठवलं.)

गरम पाणी घालून सारखं केलं, मोठ्या वाडग्यात ओतलं, वर दोन लाल खजूर सजवले आणि आमची वरात निघाली. पुढे मी, दोन्ही हातांत वाडगा. मागे हेमा, तिच्या मागे प्राजक्ता, तिच्या मागे मांजरं.

मावशीच्या ओटीवर चार-पाच बाया लग्नाचा लसूण सोलत बसल्या होत्या. मावशी खाटेवर, तोंड मिटून. मी वाडगा पुढे केला.

“मावशी, खास तुमच्यासाठी. चीनचं औषधी सूप. मी स्वतः केलंय.”

मावशीने वाडग्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. हेमाकडे बघितलं. मग प्राजक्ताकडे बघितलं. प्राजक्ता रडवेल्या आवाजात म्हणाली, “आजी, पी ना गं. परवा हळद आहे. तू गायली नाहीस तर मी कोणाकडे बघून हळद लावू?”

मावशीच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. तिने हात पुढे केला, वाडग्याची कड ओठांना लावली आणि नेमका त्याच क्षणी माझा फोन वाजला. माझा एक हात अजून वाडग्याला होता. हेमाने माझ्या खिशातून फोन काढला आणि स्पीकर चालू केला.

“भावोजी! सूप झालं का?” दिनू.

“झालं! मावशींच्या ओठाला लागलंय.”

“वा! ते पांढरं फूल नीट उमललं ना? झालर झालर होते बघा त्याची, कोबीसारखी.”

मला झालर काही आठवेना.

“कसली झालर?”

“अहो, झाडावरची अळंबी आहे ती! बिस्किटाच्या डब्यात होती ना, पत्र्याच्या?”

“बिस्किटाच्या? मी तर निळ्या डब्यातलं घेतलं. फडक्यात गुंडाळलेलं.”

मग अगदी बारीक आवाज आला.

“भावोजी… त्या फडक्यात आईचा भोत आहे.”

लसूण सोलणारे सगळे हात थांबले.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. घोळ नावाचा मोठा मासा असतो. त्याच्या पोटात हवेची पिशवी असते, तिला भोत म्हणतात. ती काढायची, साफ करायची, वाळवायची आणि व्यापाऱ्याला द्यायची. व्यापारी ती पाठवतो परदेशात, आणि तिकडून जे येतं त्यावर अर्नाळ्यात पत्र्याची घरं स्लॅबची झालेली आहेत. अख्ख्या हंगामात एखाद्याच्याच जाळ्यात तसा घोळ सापडतो. यंदा तो आमच्या घरच्या बोटीला सापडला होता. व्यापारी सोमवारी येणार होता. आणि मी तो भोत वेलची घालून शिजवला होता.

“थांबा!” मी ओरडलो. “मावशी, पिऊ नका! थांबा!”

“का थांबू?” मावशी म्हणाली.

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. प्राजक्ताने तोंडावर हात ठेवला. आवाज खणखणीत होता. सूज नव्हती, घरघर नव्हती, काही नव्हतं!

“आजी! तुझा आवाज!”

“माझा आवाज कुठं जातोय?” मावशी म्हणाली. “माझ्या आजीचा मरेपरेंत गेला नाय. रुसले व्हते मी.”

“पण मावशी,” मी म्हणालो, “ती घशातली गाठ? मी बघितली ना!”

“सुपारी व्हती ती, मास्तर! तोंडात खांड धरलं व्हतं. बोराएवढी गाठ म्हने!”

बाया खो खो हसायला लागल्या. मावशी मात्र हसली नाही. तिने वाडगा मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे रोखून बघितलं.

“लग्न ठरलं की पहिला नारळ धवलारनीच्या दारात येतो. पोरीचा बाप येतो, पान-सुपारी ठेवतो, बोलतो की मावशी, माझ्या पोरीची हळद तुझ्या तोंडून लागू दे. पन्नास वर्षं हेच चाललंय. आनि तू काय केलंस? नातीच्या फोनवर पत्रिका धाडलीस! मी काय बँडवाली हाय?”

खरं होतं. मावशी घरचीच, तिला काय बोलवायचं, असं म्हणून मी पत्रिका नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकून दिली होती; ती मावशीला तिच्या नातीच्या फोनवर दिसली. हेमाला वाटलं होतं, मी नारळ देऊन आलो. मला वाटलं होतं, नारळ सासूबाई देतील. बँडवाल्याकडे मात्र मी स्वतः तीनदा गेलो होतो!

“मावशी, चुकलो,” मी म्हणालो. “पण हे सूप…”

“हे सूप काय?” मावशीने वाडग्यात बोट बुडवलं. बोट वर आलं, मागून तार आली. “फोनवर दिनू काय बोलला? ह्याच्यात भोत हाय?”

माझ्या तोंडून शब्द फुटेना. आता खरोखर आवाज गेला होता, पण माझा!

आणि तेवढ्यात दारात सासूबाई उभ्या. विरारहून आल्या होत्या, काखेत साड्यांचं गाठोडं. घरी जाऊन आल्या असाव्यात, कारण दुसऱ्या हातात तो निळा डबा होता. रिकामा.

धाकटी बहीण दारात, थोरली खाटेवर, मधे मी. मी एका क्षणात आयुष्याचा हिशेब लावला आणि नंदाखालला जायची रिक्षा कुठे मिळेल याचा विचार केला.

“गे,” मावशी बहिणीला म्हणाली, “तुझ्या जावयानं माझ्यासाठी भोत शिजवला?”

तिच्या आवाजात काहीतरी वेगळंच होतं. मी मान वर करून बघितलं. मावशीचे डोळे ओले होते.

“नऊ वर्षांची व्हते तवापासून भोत काढते मी,” ती म्हणाली. “धुतले, वाळवले, शेटच्या हातात दिले. आयनं दिले, आजीनं दिले. एक तुकडा कुनी जिभेवर ठेवला नाय. बोटीवाल्यानं पन नाय. आनि हा वाडीतला मास्तर, नारळ द्यायचा विसरला, आनि त्याच्या जागी भोत घेऊन आला! एवढा मान मला माझ्या बापानं दिला नाय.”

आता सगळ्यांच्या नजरा सासूबाईंवर. एक शब्द, आणि माझा मान, मावशीचा मान, प्राजक्ताची हळद, सगळं त्या वाडग्यात बुडणार होतं. सासूबाईंनी डब्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. ती नजर मी विसरणार नाही. घोळ मासा चिरताना त्या नेमक्या तशाच बघतात.

“मग?” त्या म्हणाल्या. “मला विचारूनच घेतला त्यानं. मीच बोलले, मास्तर, एकच बहीन हाय माझी, घाल भोत.”

मी मान हलवली. जोरात. हेमाने माझ्या पाठीला असा चिमटा काढला, की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी बायांना भक्तिभावाचं वाटलं.

मावशीने वाडगा उचलला आणि पहिला घोट घेतला. तिचे डोळे हळूहळू मोठे झाले.

“कसं लागतंय?” मी विचारलं.

मावशीने उत्तर द्यायला तोंड उघडलं. उघडलं नाही. ओठ चिकटले होते. बोटांनी सोडवून ती म्हणाली, “खीर आनि कालवन भांडून एका घरात राह्यलेत.”

“नको मग, ठेवा!”

“मानाचं हाय. टाकायचं नाय. सगळ्यांनी घ्यायचं!”

आणि तिने स्वतःच्या हाताने ओटीवरच्या प्रत्येक बाईला एकेक चमचा दिला. हेमाला, प्राजक्ताला, सासूबाईंना (त्यांना दोन), शेवटी मला. आता तत्त्व सांगायला वाव नव्हता. मी गिळलं. ते गेलं, पण पूर्ण गेलं नाही. काही भाग वाटेत मुक्कामाला थांबला. पुढची दहा मिनिटं अर्नाळ्याच्या त्या ओटीवर आठ बायका बसल्या होत्या आणि एकही बोलत नव्हती. माझ्या माहितीत असं पूर्वी झालेलं नाही.

त्याच दुपारी मी नारळ, पान, सुपारी घेऊन मावशीच्या दारात रीतसर गेलो. तिने तो ठेवून घेतला. वर म्हणाली, “ह्याची आता काय गरज नव्हती.”

शनिवारी मावशी गायली. मंडपात मुंगी शिरायला जागा नव्हती आणि मावशीचा आवाज पार बंदरापर्यंत जात होता. प्राजक्ता पाटावर बसून मावशीआजीकडे बघत होती, गालावर हळद, हळदीवर अश्रू. मी खांबाला टेकून उभा होतो. अगदी कृतार्थ. तेवढ्यात मावशीने नवरीच्या बापाचं नाव घेतलं. धवल्यात बापाचं नाव येतंच, म्हणून मी सरळ उभा राहिलो, सदरा नीट केला. आणि मावशीने त्याच लांब, संथ सुरात गायलं, की नवरीच्या बापानं काय केलं, तर भोताला साखरेत घातलं, कुकराची शिटी बसली, आनि सात मांजरं वऱ्हाडाला आली! मागच्या बायांनी ती ओळ तीनदा झेलली. मंडपातले सगळे फोन माझ्याकडे वळले. वरपक्षाच्या मंडळींनी मला जवळून बघण्यासाठी रांग लावली.

सोमवारी व्यापारी आला. सासूबाईंनी त्याला रिकामा डबा दाखवला.

“कुठे गेला?”

“खाल्ला,” सासूबाई म्हणाल्या.

तो माणूस खाली बसला. मी त्याला पाणी दिलं आणि समजावून सांगितलं, की शेवटी हा भोत चीनला जाऊन त्याचं सूपच होणार होतं, मी फक्त मधला प्रवास वाचवला. त्याने पाणी प्यायलं नाही. सासूबाई मात्र त्या दिवसापासून माळ्याची शिडी स्वतःच्या खाटेखाली ठेवतात.

दिनूने जाण्याआधी त्याचं खरं सूप करून दाखवलं. ते पांढरं फूल खरंच झालरीसारखं उमललं. सूप पारदर्शक, हलकं, खजुराच्या गोडीचं, पिताना घशाला मऊ लागणारं. फार सुरेख झालं होतं. मावशीने एक घोट घेतला, वाटी खाली ठेवली आणि म्हणाली, “ह्याला मास्तरच्या हाताची चव नाय.”

आता सगळं शांत झालंय, असं मी धरून चाललो होतो. परवा रविवारी दुपारी चंदनसारच्या घरी जेवून आडवा झालो होतो. फोन वाजला. मावशी! पलीकडून आवाज असा खणखणला, की आतल्या खोलीत झोपलेली हेमा दचकून उठून बसली.

“मास्तर! नातवाचं लग्न ठरलं माझ्या. आनि बघ ना रे, माझा आवाज पुन्हा गेला!”

“खरंच की मावशी,” मी फोन कानापासून हातभर लांब धरून म्हणालो, “काहीच ऐकू येत नाहीये!”